बाळंतपणाची वाट कोणी ठरवावी?

आतड्याचे जुनाट दुखणे असलेल्या स्त्रीला दिवस राहिले, तर तिने स्वाभाविक रीतीने बाळंत व्हावे की पोट उघडून मूल बाहेर काढावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाच्या वर्गातला आहे. व्याख्यानमालेच्या मांडवात तो कशाला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. आम्हांस मात्र तो इतिहासाचा प्रश्न वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी तो कोणाला विचारताच आला नसता. रोगाला नाव नव्हते, शस्त्रक्रियेचा भरवसा नव्हता, आणि खुद्द त्या बाईला काही विचारावे अशी रीतही नव्हती. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी क्रमाने आल्या. तिसरी अजून वाटेत आहे. हे पाहायचे तर वर्धा जिल्हा ही सोयीची जागा आहे, कारण सुईणीपासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा सगळा प्रवास इथे दोन पिढ्यांत झाला आणि तो पाहिलेली माणसे अगदी अलीकडेपर्यंत आपल्यात होती.

आधी रोगाविषयी थोडे सांगतो. आतड्याला जंतूंवाचून सूज येते, ती बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा उसळते, अशा दोन व्याधी मुख्य आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. ती मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रण पाडते आणि शौचावाटे रक्त पडते. दुसरी क्रोन्स डिसीज. ती आतड्याच्या भिंतीत आरपार शिरते, कुठेही होते, आणि गुदद्वाराशी भगंदर निर्माण करते. दोन्ही व्याधी ऐन तारुण्यात, म्हणजे नेमक्या लग्नाच्या आणि मुलेबाळे होण्याच्या वयात गाठतात. इथेच सगळी अडचण आहे.

या रोगाच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक ग्रंथ १८५९ सालापासून करतात. त्या वर्षी लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी इझाबेला बँक्स नावाच्या स्त्रीच्या आतड्यांचे वर्णन छापले, आणि ते अल्सरेटिव्ह कोलायटिसचे पहिले वर्णन समजले जाते. पुढच्या अभ्यासकांनी ते वर्णन पुन्हा वाचले, तेव्हा लहान आतड्याचे शेवटचे टोकही सुजलेले दिसले, म्हणून तो क्रोनचाच रोग असावा असे आता अनेकांचे मत आहे. परंतु आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी हकीकत, जी ग्रंथांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. या बाईचा मृत्यू खुनाच्या खटल्यात गाजला होता. थॉमस स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरने पहिली बायको हयात असता तिच्याशी लग्न केले आणि तिला विष घातले, असा आरोप होता. तिला वांत्या होत, रक्ती हगवण लागे. शवविच्छेदनात पोटात काही आठवड्यांचा गर्भ आढळला. मग कोर्टात डॉक्टरांची झुंज लागली. कोणी म्हणे आर्सेनिक, कोणी म्हणे आव, कोणी म्हणे गर्भारपणाच्या वांत्या. विषाची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञाने वापरलेल्या तांब्यातच आर्सेनिक होते असे पुढे उघड झाले. फाशीची शिक्षा झालेला आरोपी खुनाच्या आरोपातून सुटला आणि दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला. म्हणजे ज्या रुग्णापासून या रोगाचा इतिहास मोजतात ती स्त्री गरोदर होती, आणि तिच्या दुखण्यातले गर्भाचे किती व आतड्याचे किती हे सांगणे पट्टीच्या डॉक्टरांनाही जमले नाही.

आता लंडनच्या कोर्टातून आपण वर्धा नदीकाठच्या खेड्यात येऊ. तिथे त्या काळी असा खटला उभा राहण्याचा संभवच नव्हता, कारण अशा मरणाला एक तयार नाव होते : बाळंतरोग. बाळंतपणानंतर बाईला हगवण लागली, ताप राहिला, अन्न अंगी लागेना, ती वाळत गेली, की घरची म्हातारी माणसे हेच नाव घेत. वैद्य त्याला सूतिकारोग म्हणत, आणि हगवण जुनी असेल तर संग्रहणी. या एका नावात क्षय, पंडुरोग, जंतुदोष, उपासमार असे कितीतरी रोग एकत्र बांधलेले होते. त्या गाठोड्यात काही बायका आजच्या कोलायटिसच्याही असल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते. हा आमचा तर्क आहे. पण तो निराधार नाही, कारण हा रोग बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही उसळी घेतो हे आता ठाऊक आहे. गावच्या समजुतीनुसार दोष मात्र बाळंतिणीच्या पथ्याचा निघे : थंड पाणी प्याली असेल, शेक नीट घेतला नसेल.

बाळंतपण सुईणीच्या हाती असे. ती बहुधा अशा घरातली, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलेले. विटाळाचे काम तिने करायचे, नाळ तिने कापायची, आणि दहा दिवसांनी सोयर फिटले की तिचा हातही पुन्हा विटाळाचाच. तिच्या अनुभवाची टिंगल करणे सोपे आहे; आम्ही ती करणार नाही. आडवे मूल हाताने वळवणाऱ्या सुईणी होत्या, आणि डॉक्टरच्या घाईपेक्षा सुईणीचा धीर पुष्कळदा उपयोगी पडला आहे. पण तिच्यापुढे वाट एकच होती. मूल त्या वाटेने आले तर आले, नाही तर बाई गेली. वाट एकच असते तिथे निवडीची भाषाच निघत नाही.

तशीच हगवणीलाही एकच वाट होती. कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली आमांशावर एमेटिनच्या सुईचा गुण दाखवला, आणि पुढे अनेक वर्षे रक्ती आव म्हटली की एमेटिन असा शिरस्ता पडला. ज्यांना अमिबाचा आमांश होता ते बरे झाले. ज्यांचा रोग निराळा होता त्यांनीही सुया घेतल्या, आणि गुण आला नाही म्हणजे दैवाला बोल लावला. खुद्द गांधीजींना १९१८ साली गुजरातेत आमांशाने इतके गाठले की आपण वाचत नाही असे त्यांना वाटले होते. औषध नाकारणारा तो हट्टी रोगी अखेर कस्तुरबांच्या युक्तिवादाने शेळीच्या दुधावर आला, आणि ती शेळी पुढे वर्ध्याच्या इतिहासातही शिरली.

गांधीजींचा उल्लेख आम्ही केवळ स्थानमाहात्म्यासाठी करत नाही. बाळंतपणाशी त्यांचा संबंध प्रत्यक्ष होता. दक्षिण आफ्रिकेत १९०० साली धाकट्या देवदासच्या जन्मावेळी डॉक्टर आणि सुईण वेळेवर मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतः कस्तुरबांचे बाळंतपण केले. त्याआधी त्यांनी त्या विषयावरचे गुजराती पुस्तक लक्षपूर्वक वाचून ठेवले होते, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. याच माणसाने १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’त डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर कडक आसूड ओढले. आणि याच माणसाच्या अंगणात, १९३६ साली तो ज्या शेगावी राहायला आला आणि जे १९४० साली सेवाग्राम झाले त्या गावी, रुग्णालय उभे राहिले. इतिहासाला अशी थट्टा आवडते.

ते उभे केले डॉ. सुशीला नय्यर यांनी. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात शिकलेली ही तरुण डॉक्टरीण १९३९ साली सेवाग्रामास आली आणि पटकीच्या साथीत कामाला लागली. १९४२ साली आगाखान पॅलेसमधल्या बंदिवासात त्याही होत्या. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा वारल्या. बांच्या स्मरणार्थ निधी उभारण्याचे ठरले, तेव्हा संकल्प ७५ लाखांचा होता. जमले एक कोटीहून अधिक. गांधीजींचा आग्रह असा की हा पैसा खेड्यांतल्या स्त्रियांवर आणि मुलांवरच खर्च व्हावा. सुशीलाबेनचा दवाखाना आश्रमात मावेनासा झाला, तो बिर्लांच्या अतिथिगृहात हलला, आणि १९४५ साली तेच कस्तुरबा रुग्णालय झाले. आरंभी खाटा पंधरा, आणि त्या स्त्रियांसाठी व मुलांसाठी. जिल्ह्यातल्या खेडवळ बाईला बाळंतपणासाठी घराबाहेर जाण्याची एक जागा अशी निर्माण झाली.

पोट उघडून मूल काढण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नुकतीच भरवशाची होत होती. जुन्या काळी ती बहुधा मेलेल्या आईवरच होई. लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी १८८२ साली गर्भाशयाला नीट टाके घालण्याची रीत घालून दिली. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला, आणि आजही तोच छेद घेतात. पुढे रक्त भरण्याची सोय आणि पेनिसिलिन ही दोन्ही आल्यावर मृत्यूचे भय ओसरले. दुसरी वाट खुली झाली ती इतक्या उशिरा.

रोगाच्या बाजूनेही याच सुमारास पहाट होत होती. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी गिन्झबर्ग व ओपनहायमर यांच्यासह १९३२ साली लहान आतड्याच्या रोगाचे वर्णन केले. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या प्राध्यापिकेने सल्फासलाझिन हे औषध दिले. ते मूळ सांधेदुखीसाठी घडवले होते आणि उपयोगी पडले आतड्याला. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह व विट्स यांनी कॉर्टिझोनचा गुण काटेकोर तुलनेने सिद्ध केला. यानंतर कोलायटिसच्या तरुण मुली जगू लागल्या, संसाराला लागल्या, आणि डॉक्टरांपुढे नवा पेच आला : यांना मूल होऊ द्यावे काय? त्या काळी बरेच डॉक्टर सरळ नको म्हणत. स्वतः क्रोन यांनी सहकाऱ्यांसह १९५६ साली गर्भवती रुग्णांचे अनुभव छापले, आणि अशा सरसकट मनाईला आधार नाही हे हळूहळू मान्य झाले. आज ठाऊक आहे ते असे : गर्भ राहतेवेळी रोग शांत असेल तर सुमारे तिघींपैकी दोघींचा तो शांतच राहतो, तो उसळलेला असताना गर्भ राहिला तर मात्र बहुतेकींना पुढेही त्रास होतो. दिवस गेले म्हणून आपल्या मनाने औषध सोडणे हे उसळीचे एक मोठे कारण आहे. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे गर्भाला घातक आहेत, ती आधीच थांबवावी लागतात. पण सल्फासलाझिन फोलिक अॅसिडच्या जोडीने चालू ठेवता येते.

हे सारे पश्चिमेकडचे. आपल्याकडे मध्ये क्षय उभा होता. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग ही जुळी भावंडे दिसावीत इतकी सारखी : तीच पोटदुखी, तेच वजन घटणे, दुर्बिणीतून तसेच व्रण. दिल्लीच्या टंडन व प्रकाश यांनी १९७२ साली या दोहोंतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कसा ओळखावा यावर निबंध लिहिला, तो आजही वाचतात. तरीही शंका राहिली की आधी काही महिने क्षयाची औषधे देऊन पाहायची, ही आपल्याकडची व्यवहारी रीत. ती चूक नाही, पण तिच्यात रोग्याचे महिने जातात, आणि तरुण बाई असेल तर त्या महिन्यांत गर्भही राहू शकतो. हा रोग गोऱ्यांचा आहे ही समजूत तर फारच उशिरा गेली. लुधियानाच्या डॉक्टरांनी पाहणी करून २००३ साली छापले, तेव्हा तिथे लाखात सुमारे ४४ माणसांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. पंजाबातला आकडा विदर्भाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण रोग इथलाही आहे हे त्यानंतर नाकारता येईना.

मधल्या काळात वर्ध्यात पुष्कळ घडले. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, केंद्रात आरोग्यमंत्री राहून आलेल्या सुशीलाबेननी कस्तुरबा रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडले. खेड्यात उभे राहिलेले असे ते देशातले पहिले. १९९० साली सावंगी मेघे इथे दुसरे निघाले. ज्या जिल्ह्यात एका आयुष्यापूर्वी विळ्याने नाळ कापत, तिथे आता आतड्यात दुर्बीण घालणारे आणि पोट उघडून मूल काढणारे डॉक्टर एकाच आवारात सापडतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वाभाविक बाळंतपणात मुलाचे डोके बाहेर येताना मागचा भाग ताणला जातो, कधी फाटतो, कधी डॉक्टर स्वतः छेद देतात. त्याच्या लगत गुदद्वाराचा आवळता स्नायू आहे. निरोगी बाईला तिथली लहान इजा जाणवतही नाही. लंडनच्या सुलतान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहिले, तेव्हा पहिलटकरणींपैकी सुमारे एक तृतीयांश बायकांच्या या स्नायूत बाळंतपणानंतर तूट सापडली. बहुतेकींना वरून काही फाटले आहे याचा पत्ताही नव्हता. निरोगी बाईचे यावाचून अडत नाही. पण जिला दिवसातून दहादा पातळ शौचास जावे लागते, तिची सारी इभ्रत त्याच स्नायूवर तोललेली असते. आणि जिथे भगंदर वाहत आहे, तिथली जखम भरत नाही.

आणखी एक वर्ग आहे. कोलायटिस औषधांना दाद देईना तर मोठे आतडे काढून टाकतात. लंडनच्या पार्क्स व निकल्स यांनी १९७८ साली लहान आतड्याचीच पिशवी शिवून ती गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पोटावर कायमची थैली बांधण्यातून त्यामुळे तरुण मुली सुटल्या. परंतु त्यांची भिस्तही त्या स्नायूवरच. अशा स्त्रियांची तपासणी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे झाली, तिचा अहवाल २००५ साली निघाला. स्वाभाविक रीतीने बाळंत झालेल्यांत स्नायूची इजा अधिक दिसली, मात्र पिशवीच्या कामात नजीकच्या काळात मोठा फरक दिसला नाही. म्हातारपणी काय, हे त्यातून कळत नाही, आणि बाई तर म्हातारपणापर्यंत जगणार असते.

छेदाबाबतही असाच वाद झाला. १९९५ साली एका पाहणीने सांगितले की क्रोनच्या ज्या बायकांना गुदद्वाराचा त्रास पूर्वी नव्हता, त्यांच्यातही स्वाभाविक बाळंतपणानंतर शंभरात सुमारे अठराजणींना तो सुरू झाला, आणि त्यांतल्या बहुतेकींना छेद दिलेला होता. चार वर्षांनी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या डॉक्टरांना तसे काही आढळले नाही. या दोन निबंधांमध्ये कित्येक बायकांची पोटे उघडली गेली असतील.

वाद निवल्यावर जे उरले ते थोडके आहे. गुदद्वाराशी किंवा गुदाशयात रोग चालू असेल, भगंदर वाहत असेल, तर सिझेरियन करावे. पिशवी शिवलेली असेल तर सिझेरियनकडे कल ठेवावा, पण शस्त्रवैद्य, प्रसूतितज्ज्ञ आणि बाई यांनी मिळून ठरवावे. बाकीच्यांना, रोग शांत असेल तर, आतड्यासाठी सिझेरियनची गरज नाही. मुलाचे डोके, नाडीचे ठोके, कळा हीच नेहमीची कारणे पाहावीत, आणि छेद शक्यतो टाळावा. पोटावर थैली असलेली बाईसुद्धा स्वाभाविक रीतीने बाळंत होऊ शकते. असे असूनही आतड्याच्या रोगी बायकांची सिझेरियन इतरांहून अधिक होतात. याला भीती हे एक कारण आहे, आणि ती केवळ बायकांची नव्हे.

ही भीती आपल्याकडे वेगळ्या हवेत वाढते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात शंभर बाळंतपणांतली पंचवीस सिझेरियनने झालेली होती. देशभराचा हिशेब पाहिला तर सरकारी रुग्णालयांत चौदा, खाजगीत सत्तेचाळीस. एका पिढीपूर्वी दुसरी वाट मिळावी म्हणून धडपड होती, आता तीच वाट हमरस्ता होऊ लागली आहे. ज्या बाईला खरोखर सिझेरियन हवे ती आणि जिला नको ती, दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत. आष्टी-कारंज्याकडच्या बाईच्या गर्भाशयावर एकदा व्रण पडला की पुढच्या खेपेस कळा सुरू झाल्यावर रात्री वर्धा गाठणे हा तिच्या जिवाचा प्रश्न होतो. उलट, सिझेरियन न केल्याने स्नायू गेला, तर रोवणी-निंदणीला जाणाऱ्या बाईला वावरात आडोसा कुठला? शहरात लिहिलेल्या नियमांत वावर येत नाही.

याचे उत्तर बाईकडूनच घ्यावे लागते, आणि ती बोलत नाही. वर्ध्यात काम करून पुढे गडचिरोलीस गेलेल्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली दोन खेड्यांतल्या साडेसहाशे बायकांच्या तपासणीचा निबंध लॅन्सेट या नियतकालिकात छापला. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. त्या निबंधात आतड्याचा विषय नाही. पण जिथे अंगावरून जाते हेही आई-सासूला सांगत नाहीत, तिथे भगंदर वाहते हे नव्या डॉक्टरला कोण सांगणार? पुष्कळ जणी त्याला मूळव्याध म्हणून झाकतात. लग्नाआधी झाकलेले दुखणे लग्नानंतर उघडणे तर त्याहून कठीण. बाळंतपणाच्या कागदावर ‘शौचाला किती वेळा जावे लागते, वायू आवरतो का, बसताना कुठे दुखते का’ हे तीन प्रश्न सातव्या महिन्याच्या आत विचारले गेले, तर सगळा निर्णय दिवसाउजेडी होतो. ते कळा सुरू झाल्यावर विचारले तर उत्तर ऐकायला वेळ नसतो.

सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८०च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या विम्याची योजना रुजवली. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर कस्तुरबा रुग्णालयात उपचार घ्यायचे. तिच्यात एक शहाणा भेद होता. अकस्मात आलेल्या दुखण्याला इलाज मोफत. आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला, जसे साधे बाळंतपण, काही पैसे भरायचे. गावाने हा भेद मान्य केला, कारण बाळंतपण नऊ महिने आधी कळते. आतडे सुजलेल्या बाईचे बाळंतपण यांपैकी कोणत्या रकान्यात घालावे, यावर मात्र गावच्या बैठकीत चांगली दोन तास चर्चा रंगली असती, आणि त्या निमित्ताने का होईना, बायकांना तोंड उघडावे लागले असते.